पीजीत असतानाच बाळ, पीजी झाल्यावर, की एग फ्रीजिंग? काय धरावं

परवा संध्याकाळी रंकाळ्यावर चालताना एका ज्युनिअरने विचारलं, ताई, जेआर वन आहे (म्हणजे डॉक्टरकीच्या पीजीचं पहिलं वर्ष), वय 27, लग्नाला दीड वर्ष झालं, सासूबाई दर रविवारी फोनवर विचारतायत, काय करू सांगा. तिथं कट्ट्यावर बसून तिला जे सांगितलं तेच जरा नीट लिहितेय, कारण हा प्रश्न होस्टेलातल्या बऱ्याच पोरींच्या डोक्यात असतोय आणि कुणी तोंड उघडत नाही.

आधी वयाचं बघू. 35 नंतर बीजांडांची संख्या आणि क्वालिटी झपाट्याने कमी होते हे आपण व्हायव्हात घडाघडा सांगितलंय, पण स्वतःचा हिशोब कुणी घातलेला नसतो. तिशीच्या सुरुवातीपर्यंत दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता साधारण चारात एक, चाळिशीला ती वीसात एकवर येते. नेदरलँड्सच्या संशोधकांनी 2015 साली कॉम्प्युटर मॉडेलवर काढलेले आकडे मला फार कामाचे वाटतात: आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) न करता 90 टक्के शक्यता हवी असेल तर एका मुलासाठी 32 व्या वर्षी प्रयत्न सुरू करावे लागतात, दोन मुलांसाठी 27 व्या, आणि आयव्हीएफची तयारी असेल तर 35 आणि 31. आता आपलं बघ, एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिप, सरकारी सेवेचा बॉण्ड, पीजीच्या नीटसाठी एखादा ड्रॉप, एमडीची 3, म्हणजे तिशी आलीच, त्यात डीएम, म्हणजे सुपरस्पेशालिटी, करायचं म्हटलं की अजून 3. म्हणून आधी नवरा-बायकोनं किती मुलं हवीत ते ठरवा आणि तिथून मागं मोजत या.

पीजीत असताना. मी हेच केलं, जेआर टूमध्ये. वय बाजूने असतंय, दिवस लवकर राहतात, आणि गडहिंग्लजहून आई येऊन राजारामपुरीतल्या खोलीवर चार महिने राहिली म्हणून जमलं, नाहीतर जमलं नसतं हे स्पष्ट सांगते. मॅटर्निटी लीव्ह मिळते, पण हजेरी 80 टक्के लागते, ती भरली नाही की टर्म पुढे जाते आणि परीक्षा आपल्या बॅचसोबत होत नाही, याची मानसिक तयारी ठेव. आमच्या युनिटला मला सातव्या महिन्यापर्यंत नाईट लावल्या होत्या, पहाटे तीनला ड्युटी रूममध्ये पाय सुजून चप्पल चढत नव्हती आणि वॉर्डातल्या सिस्टरांनी स्वतःची सैल चप्पल काढून दिली, ते मी अजून विसरले नाही. तू रेडिओलॉजी, ऑर्थो किंवा कॅथलॅबच्या आसपास असशील तर दिवस राहिल्याचं लपवू नको, कळवल्यानंतर उरलेल्या गरोदरपणात पोटातल्या बाळाला किरणांचा 1 मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाऊ नये असा नियम आहे, तो तू सांगितलंस तरच लागू होतो ना. केमोची औषधं हाताळायची पोस्टिंगही बदलून माग.

पीजी झाल्यावर. शरीराने आणि डोक्याने हे जास्त सुखाचं, थिसिस नाही, परीक्षा नाही, हातात पगार. नोकरीत पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा, मात्र कायद्याप्रमाणे आधीच्या 12 महिन्यांत तिथं 80 दिवस काम झालेलं पाहिजे, म्हणून जॉइन होण्याची तारीख बघून घे. अडचण एवढीच की पीजी झालं की बॉण्ड, बॉण्ड झाला की सुपरची तयारी, मग स्वतःचं क्लिनिक, असं एक-एक पुढं सरकत जातं. एकच मूल हवं आणि 30 पर्यंत मोकळी होणार असशील तर बिनधास्त हे निवड. दोन हवीत तर माझं मत थांबू नये असंच आहे.

थांबणारच असशील तर गर्भनिरोधक साधनही विचार करून घे. कॉपर टी काढली की लगेच पुढच्या पाळीपासून प्रयत्न करता येतो, अंतरा इंजेक्शन घेतलं तर शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला 7 ते 10 महिने जाऊ शकतात, आणि हे आपल्यातल्या कितीतरी जणींना स्वतःसाठी ठरवताना आठवत नाही.

एग फ्रीजिंग, म्हणजे बीजांडं काढून गोठवून ठेवणं. लग्न ठरलेलं नाही, किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) आहे, ओव्हरीचं ऑपरेशन झालंय, आईची पाळी लवकर गेली होती, अशांनी हा विचार जरूर करावा आणि 35 च्या आत करावा. 10-12 दिवस रोज इंजेक्शन, मध्ये सोनोग्राफ्या, मग भूल देऊन एग काढायची, एका सायकलचा खर्च लाखाच्या वर सहज जातो, आणि फ्रीज केलेल्या प्रत्येक एगचं बाळ होत नाही. 2021 च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या) कायद्यात ठेवण्याची मुदत 10 वर्षांची आहे. लग्न झालेलीने ‘ठेवलेत ना फ्रीजमध्ये’ म्हणून निवांत बसू नये एवढं मला तळमळीनं वाटतं. आणि एएमएच (बीजांडांच्या साठ्याची रक्ततपासणी) चांगला आला म्हणून निर्धास्त किंवा कमी आला म्हणून रडवेली होऊ नको, इंजेक्शनला ओव्हरी किती साथ देईल हे त्यावरून कळतं, आपोआप दिवस राहतील की नाही ते कळत नाही.

कट्ट्यावरच्या पोरीला मी पहिलाच पर्याय सांगितला, कारण तिला दोन हवीत आणि सासर कागलला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. आजच फोलिक अॅसिड 400 मायक्रोग्रॅम सुरू कर, रुबेला तपास, लस घ्यावी लागली तर महिनाभर थांब, थिसिसचा सिनॉप्सिस (आराखडा) जमा करून टाक. नवऱ्याचं सीमेन अॅनालिसिस (वीर्यतपासणी) मात्र वेळेत करा, मूल न होण्यात निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो आणि तरी तपासण्या बाईपासूनच सुरू होतात. 35 च्या आत वर्षभर, पुढं सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर दाखवा, आणि ते मैत्रिणीला कॉरिडॉरमध्ये रिपोर्ट दाखवून नको, केसपेपर काढून, दोघांनी सोबत बसून.