सिल बदलला म्हणाले, आत निघाला फोम

जुनी गाडी रिस्टोअर करायला दिली आणि इंजिनात फसवलं तर लगेच कळतं, गाडी धूर मारते, आवाज करते, चढावर दम सोडते. बॉडीत फसवलं तर बरेच दिवस काहीच कळत नाही, कारण वरून रंग चकाचक असतो आणि बघणारे वा वा करून जातात. आमच्याबरोबर नेमकं हेच झालं म्हणून सविस्तर लिहितोय, लांबेल थोडं पण ज्यांची गाडी आत्ता कुणाकडे पत्र्याच्या कामाला आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

गाडी मोनोकॉक, म्हणजे वेगळा चेसिस नाही, दाराखालचे दोन्ही सिल आणि खालचा फ्लोअर हाच तिचा कणा. दोन्ही सिल सडलेले, मागच्या चाकांच्या कमानी कडेने खाल्लेल्या, ड्रायव्हरच्या पायाखाली पत्रा इतका पातळ झालेला की अंगठ्याने दाबला तरी करकर वाजायचा. पुढचं डावं मडगार्ड मात्र ठणठणीत होतं, फक्त हेडलाइटच्या वर जुना डेंट. गॅरेजवाल्याने सगळं बरोबर सांगितलं, सिल आणि फ्लोअर कापून नवा पत्रा, कमानींना तुकडे बनवून वेल्डिंग, मडगार्डचा डेंट हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) काढून देतो, पुट्टी आमच्याकडे नावापुरती. प्रत्येक टप्प्याला पैसे आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो असं ठरलं, आणि फोटो येत पण होते, कापलेला सिल, चमकणारा नवा पत्रा, वेल्डिंगच्या ठिणग्या वगैरे.

गाडी आली तेव्हा खरंच सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोला.

पावसापाण्यात फिरल्यावर आधी कमानीच्या कडेला रंगाखाली टाचणीच्या डोक्याएवढे फोड दिसायला लागले. विचारलं तर म्हणे रंगात ओलावा राहिला असेल, आणा, टचअप करून देतो. मग डाव्या बाजूचं मागचं दार नीट लागेना, उचलून लावावं लागायचं, आणि दाराची वरची फट एका टोकाला रुंद झालेली. बिजागरी झिजली असेल असं उत्तर मिळालं. नंतर एकदा पंक्चर झालं, जॅक त्याच्या ठरलेल्या जागी लावला आणि गाडी उचलली जायच्या ऐवजी जॅकच करर्र करून सिलमध्ये घुसला. तिथे विषय संपला, गाडी सरळ दुसऱ्या डेंटरकडे.

त्याने ग्राइंडर लावून सिलची बाहेरची बाजू उघडली. वर रंग, त्याखाली प्रायमर, त्याखाली जाड पुट्टी, त्याखाली पॉप रिव्हेटने ठोकलेला पातळ पत्रा, आणि त्या पत्र्यामागे आमचा जुना सडका सिल जसाच्या तसा, पोकळीत पिवळा फोम ठासून भरलेला, तोच तो दारं-खिडक्यांच्या फटीत मारतात तो स्प्रेचा. डेंटरने मूठभर फोम उपटून पिळला तर तपकिरी पाणी गळलं हो! सिलला खालून पाणी जायला भोकं ठेवलेली असतात, दारातून, काचेच्या खाचेतून झिरपलेलं पाणी तिथून निघून जातं, फोमने ती भोकंच बुजली आणि पाणी आत लोखंडाला चिकटून बसलं. म्हणजे काहीच केलं नसतं तर गाडी यापेक्षा हळू सडली असती.

कमानींमध्ये बारीक तारेची जाळी आणि तिच्यावर पुट्टीचे थर. फ्लोअरवर जुन्या सडक्या पत्र्यावरच नवा पत्रा टाकून चार-दोन जागी टाके, कडेला सीलंट, खालून काळं अंडरकोटिंग आणि वरून कार्पेट, बघणार कोण. दार का उतरलं होतं ते पण कळलं. सिलमध्ये जीवच नाही म्हटल्यावर गाडी मधून खचणारच, आणि खचली की सगळ्यात आधी दारांच्या फटी बोलतात. खरा माणूस सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाईप टाकून ती जखडतो, मध्येमध्ये दारं टांगून फटी तपासतो आणि मगच वेल्डिंग पक्कं करतो. इथे काही कापलंच नव्हतं त्यामुळे तो त्रासही नव्हता.

आणि मडगार्ड! त्याला लोहचुंबक लावला तर चिकटेचना, कुठेच नाही. फायबरचं होतं. आमचं मूळ लोखंडी मडगार्ड, ज्याला फक्त डेंट होता, ते गायब. बंद झालेल्या मॉडेलचं मूळ मडगार्ड किती मुश्किलीने मिळतं हे ज्याने शोधलंय त्यालाच माहीत. सिलपेक्षा हे जास्त लागलं मनाला, तिथे निदान कामचुकारपणा म्हणता येईल, ही सरळ चोरी आहे.

मग गॅरेजवाल्याने पाठवलेले फोटो पुन्हा उघडून बघितले. सगळे इतक्या जवळून काढलेले की गाडी ओळखूच येऊ नये, पण एकाच्या कोपऱ्यात दाराच्या चौकटीची कड आली होती आणि ती निळी. आमची गाडी मुळात क्रीम. विचारलं तर पठ्ठ्या म्हणतो कंपनीचा आतला रंग वेगळा असतो. बाकी उत्तरं ठरलेलीच, जुन्या गाडीला गंज येणारच, गॅरंटी रंगाची होती पत्र्याची नव्हती, आणि बिलावर काय तर "बॉडी वर्क कम्प्लीट" एवढे तीन शब्द. त्या तीन शब्दांत फोमपण बसतो आणि जाळीपण बसते. सिल कापून नवा, किती मिलीमीटरचा पत्रा, जोड कडेला कड लावून की एकावर एक, पुट्टी जास्तीत जास्त किती, आतून गंजरोधक वॅक्स मारणार का, हे प्रत्येक पॅनेलसमोर वेगळं लिहून घ्या. लिहायला जो कचरतो त्याच्याकडून गाडी परत आणा.

पुट्टी वाईट नसते हे पण सांगतो, नाहीतर लोक उगाच चांगल्या डेंटरशी भांडतील. स्वच्छ पत्र्यावर दोन-तीन मिलीपर्यंत पुट्टी सगळेच लावतात, प्लास्टिकची पुट्टी यायच्या आधी तर हेच काम शिसं वितळवून करायचे. प्रॉब्लेम जाडीचा आणि खाली काय आहे त्याचा. पुट्टी पाणी पिते, मागून उघडी राहिली की ओलावा शोषून पत्र्यापर्यंत नेते आणि रंग फुगतो. वेल्डिंगचंही तसंच, बॉडीचा पत्रा साधारण 0.8 ते 1 मिलीचा, त्यावर सलग वेल्डिंग ओढलं की पत्रा तापून वाकडातिकडा होतो, म्हणून एकमेकांपासून लांब लांब छोटे टाके मारत, मध्ये थंड होऊ देत जावं लागतं. ज्याला घाई आहे तो ओढतो आणि लाटा पुट्टीखाली लपवतो.

तपासायचं तर साधा कमजोर चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जोरदार चुंबक घेऊ नका, तो पुट्टीच्या वरूनही चिकटतो आणि तुम्हाला खोटं समाधान देतो. बोटाच्या पेराने वाजवून बघा, पत्रा टणटण बोलतो आणि पुट्टी बद्द. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तमच, कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो, पुन्हा रंगवलेल्या गाडीवर आकडा त्याच्यापेक्षा जास्त येणारच, पण आमच्या कमानीवर मीटर रेंजच्याच बाहेर गेलं. आणि मूळ बॉडीच ॲल्युमिनियमची किंवा फायबरची असेल तर चुंबकाचा काही उपयोग नाही.

पण हे सगळं गाडी तयार झाल्यावरचं. खरी वेळ पत्रा लागून झाल्यावर आणि प्रायमर लागायच्या आधीची. उघड्या पत्र्याला दमट हवेत काही तासांत गंज धरतो हे खरंय, म्हणून "लगेच प्रायमर मारावा लागला, तुम्हाला बोलवायला वेळच नव्हता" ही सबब तयार असते. आदल्या दिवशी कळवा असं आधीच ठरवा, जमत नसेल तर व्हिडिओ मागवा, ज्यात सुरुवात चेसिस नंबरपासून होते आणि कॅमेरा न थांबवता पत्र्यापर्यंत येतो.

आणि कापलेला सडका पत्रा परत मागा, सगळा. आम्ही मागितला तेव्हा भंगारात गेला म्हणाले. आता ज्याच्याकडे काम चालू आहे तो स्वतःहूनच प्रत्येक तुकड्यावर मार्करने डावा सिल, उजवी कमान असं लिहून पोत्यात भरून ठेवतो, आणि नवा तुकडा जुन्यावर ठेवून आकार जुळतो का ते आपल्यासमोर दाखवतो.