दहा लिटरचा थंड पाण्याचा जग: दसरा ते श्रावण वापरल्यानंतर

घ्यावा की नको, एवढंच विचारायचं असेल तर घ्या. पण दहा लिटरचा घ्या, आतून स्टीलचा घ्या आणि पैसे देण्याआधी दुकानातच पाणी भरून तोटी उघडून-मिटून बघा. बाकी सविस्तर लिहितोय, कारण घेताना मला जी माहिती हवी होती ती कुठेच मिळाली नाही. जिथं बघावं तिथं 'रंग छान आहे, डिलिव्हरी वेळेवर आली' एवढंच.

आमचं गणित आधी सांगतो. घरची सहा माणसं, साडूचं कुटुंब धरलं की अकरा, दोन गाड्या. सोलापूरचं एक बरं आहे, कुठल्याही दिशेला गाडी काढली की तास-दीड तासात देव तरी लागतो नाहीतर किल्ला. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, नळदुर्ग. मुक्कामाची भानगड नाही, त्यामुळे रविवारी सकाळी चहाच्या वेळी ठरतं आणि नाश्ता उरकला की निघायचं असतं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी घरात कायमच असते, धपाटी तासाभरात होतात. अडायचं ते पाण्यापाशी. आधी आम्ही पाणीवाल्याकडून भाड्यानं जार आणायचो. तो संध्याकाळच्या आत परत द्यायचा, त्याचं झाकण हलायचं, वळणावर पाणी डिकीत. नाहीतर मग बाटल्यांचा बॉक्स. दुपारी एक वाजता त्या बाटल्यांतलं पाणी अंघोळीला चालेल इतकं तापलेलं असायचं.

दसऱ्याच्या आसपास हा जग घेतला. दोन हजारांच्या आत बसला. आतून स्टील, बाहेरून प्लास्टिक, मधल्या पोकळीत फोम. थर्मासच्या बाटलीत दोन भिंतींमध्ये हवा काढून घेतलेली असते, एवढ्या मोठ्या जगात बहुतेक वेळा फोमच असतो. म्हणून बाटली जशी दुसऱ्या दिवशीपर्यंत थंड राहते तशी अपेक्षा जगाकडून ठेवू नका. सकाळी भरला तर सूर्य मावळेपर्यंत, हा त्याचा हिशोब. एका दिवसाच्या फिरण्याला तेवढं पुरतं.

पहिलं काम पडलं ते कोजागरीला, आणि तेही थंड पाण्याचं नव्हतंच. सोलापूरहून तुळजापूरला त्या पौर्णिमेसाठी चालत जाणाऱ्यांची रीघ लागते, सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. आमच्या गल्लीतली मंडळी दरवर्षी रूपाभवानीच्या मंदिरापुढं टेबल मांडून चहा-पाणी देतात. यंदा टेबलावर आमचा जग. तिथं त्याची तोटी मला पहिल्यांदा नीट कळली. फिरवायची नाही, ग्लासानंच दांडी मागं ढकलायची. चालणाऱ्याच्या एका हातात काठी किंवा पिशवी असते, दुसऱ्या हातानं त्याला पाणी घेता आलं पाहिजे. फिरवायची तोटी असती तर प्रत्येकजण ती उघडी टाकून पुढं गेला असता. दांडी सोडली की पाणी बंद. घरातल्या चार वर्षांच्या पोरालाही ती जमते, हा फायदा की तोटा ते घरातल्या फरशीला विचारा.

एक खाचखळगा तिथंच सापडला. झाकण गच्च आवळलं की तोटीतून धार बारीक होत जाते आणि शेवटी थांबतेच. तोटी बिघडलेली नसते, आत हवा जायला वाट नसते. झाकण अर्धा आटा सैल करायचं, पाणी सुरू. काही जगांना झाकणावर हवेची वेगळी टोपी असते, मिळाला तर तसलाच घ्या.

थंडीत त्याचा उपयोग पाण्यापेक्षा ताकाला जास्त झाला. जानेवारीत साडूच्या मित्राच्या शेतात हुरड्याला गेलो होतो, मंगळवेढ्याच्या बाजूला. तिकडच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हे तिथला माणूस कणीस भाजता भाजता प्रत्येक पाहुण्याला सांगतो. गोवरीच्या आरावर कणसं, तळहातावर चोळून काढलेला गरम हुरडा, सोबत शेंगाचटणी, गूळ, दही आणि जगभर ताक. जगभर म्हणजे जग भरून! ताक झकास राहिलं. पण घरी आल्यावर जग धुतला तरी दोन दिवसांनी पाण्याला आंबूस वास. स्टीलला वास धरत नाही, तोटीच्या नळीत ताक बसलेलं होतं. तोटी आतल्या बाजूची चकती सोडवून पूर्ण बाहेर काढता येते. ती काढून गरम पाण्यात खायचा सोडा टाकून बुडवून ठेवली तेव्हा वास गेला. तेव्हापासून घरात नियम केलाय, ताक-सरबत गेलं की त्याच रात्री तोटी बाहेर. रबरी वायसर मात्र जपून, तो हरवला की जग म्हणजे नुसता डबा.

गड्ड्याच्या यात्रेला, लग्नकार्याला, रेल्वेच्या प्रवासाला याचा काही उपयोग नाही. उचलून हिंडायची वस्तूच नाही ही.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. सोलापूरचा एप्रिल-मे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, पारा चव्वेचाळीसकडे सरकतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. इथं बर्फाचं गणित समजून घ्या, कारण नव्वद टक्के लोक इथंच जगाला नावं ठेवतात. जग पाणी थंड करत नाही, थंड केलेलं सांभाळतो. थंड करतो तो बर्फ. एक किलो बर्फ नुसता वितळताना सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात पस्तीस अंशांच्या पुढं असतं. असं आठ लिटर पाणी दहा अंशांवर आणायचं तर सव्वादोन किलोच्या आसपास बर्फ लागतो. तेच पाणी रात्री माठात ओतून ठेवलं, सकाळी पंचवीसच्या जवळ आलं, की दीड किलोत भागतं. आपल्याकडची हवा कोरडी, माठ पाझरून झकास गार होतो. फुकटात मिळणारा गारवा माठाकडून घ्या, उरलेला फ्रीजकडून.

बर्फ घरचाच. बाजारातली लादी पिण्याच्या पाण्यात टाकू नका. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगवायचा नियम महाराष्ट्रात 2018 पासून आहे, तरी फोडून पोत्यात घातलेल्या तुकड्याचा रंग कोण बघत बसतो! आम्ही दोन लांबट स्टीलच्या डब्यांत पाणी घालून आदल्या रात्री फ्रीजरला ठेवतो. सकाळी डबा नळाखाली धरला की अख्खी विट निसटून येते. ट्रेमधले छोटे तुकडे लवकर वितळून मोकळे होतात, विट सावकाश झिजते, कारण तेवढ्याच बर्फाला पाणी लागायला जागा कमी मिळते. जगाचं तोंड रुंद हवं ते याचसाठी. माझा हात कोपरापर्यंत आत जातो, त्यामुळे विटही जाते आणि घासताही येतं.

हत्तरसंग कुडलला आम्ही भर मे महिन्यात गेलो, शहाण्या माणसानं जाऊ नये अशा वेळी. पण मुंबईचे पाहुणे आले होते आणि त्यांना तो शिलालेख बघायचाच होता. भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथलं संगमेश्वराचं जुनं मंदिर. तुळईवर शके 940 म्हणजे इ.स. 1018 चा मराठी लेख आहे, 'वाछि तो विजेया होईवा', वाचील तो विजयी होईल. पाहुण्यांनी मोबाईलची बॅटरी तिरकी धरून एकेक अक्षर लावायचा प्रयत्न केला. शेजारी 359 मुखं कोरलेलं शिवलिंग, पोरांनी मुखं मोजायला घेतली आणि अर्ध्यातून भांडणावर आली. आत दगडाचा गारवा, बाहेर पाऊल टाकलं की भट्टी. गाडीपाशी आलो तर डिकीचा पत्रा हाताला चटका देत होता. मी जग मागच्या सीटच्या पायाशी ठेवून त्यावर जुनी सोलापुरी चादर दुमडून टाकली होती. झाकण उघडलं तर विटेचा तळहाताएवढा तुकडा अजून तरंगत होता. पहिल्या घोटाला पाहुण्यांचे दात शिवशिवले. आमची आई बर्फाचं पाणी पीत नाही, तिच्यासाठी माठाच्या पाण्याची वेगळी बाटली असते. एवढं एक लक्षात ठेवा, घरातली म्हातारी माणसं जगाला सहसा तोंड लावत नाहीत.

डिकीत ठेवू नका हे त्याच दिवशी दुसऱ्या गाडीकडून कळलं. साडूचा प्लास्टिकचा छोटा जग डिकीत होता, त्यातलं पाणी कोमट.

विजापूरला गोलघुमट बघायला गेलो तेव्हा मात्र त्याची मर्यादा कळली. शंभर किलोमीटरचा प्रवास, जाताना मजेत. पण मिनाराचे जिने चढून घुमटाच्या आतल्या सज्ज्यात जायचं, तिथं कुजबुजलेलं पलीकडच्या माणसाला ऐकू येतं म्हणून पोरं किंचाळून घसा कोरडा करून घेतात, आणि जग खाली गाडीत. म्हणून प्रत्येकाची लहान बाटली हवीच. उतरताना गाडीतून भरून घ्यायची, परत आलं की पुन्हा भरायची.

पैसे वाचले का? थोडेफार. मला वाटलेला खरा फरक वेगळाच आहे. पूर्वी पाणी संपलं की थांबायचो, म्हणजे थांबायची जागा हॉटेलवाला ठरवायचा. मग पाण्यासोबत भजी, भज्यांसोबत कोल्ड्रिंक, पोरांचं वेफर्सचं रडगाणं. आता सावली दिसली की थांबतो. अक्कलकोट रस्त्याला एका लिंबाखाली बसून जेवलो, शेताच्या मालकानं येऊन चौकशी केली, पाणी पिऊन गेला आणि जाताना काकड्या देऊन गेला. हे हॉटेलात होत नाही.

आता तक्रार. फेब्रुवारीतच तोटी ठिबकायला लागली. खड्ड्यांत जग उडतो आणि दांडी शेजारच्या बॅगेला अडकते, हे एक कारण. दांडीचं प्लास्टिक हलकं, हे दुसरं. कंपनीच्या क्रमांकावर फोन केला तर सुटी तोटी मिळत नाही, वॉरंटी फक्त बॉडीला, असं उत्तर. बॉडीला काय होणार आहे, ती फुटायला हत्ती लागेल! शेवटी मधल्या मारुतीकडं भांड्यांच्या दुकानात पाण्याच्या फिल्टरची स्टीलची तोटी मिळाली. भोकापेक्षा किंचित बारीक होती, दोन्ही बाजूंना जाड वायसर घालून बसवली. तेव्हापासून थेंब नाही. मात्र ही फिरवायची आहे, त्यामुळे उघडी राहण्याचा धोका परत आला. प्रवासात तोटी सीटच्या बाजूला वळवून ठेवा आणि जगाला सीटबेल्ट लावा, हसू येईल पण लावा.

श्रावणात नळदुर्गला पाणी महालावरून नर-मादी धबधबे कोसळताना बघायला गेलो तेव्हा जगात चहा नेला होता. स्टील असल्यानं चालतं, प्लास्टिकच्या जगात उकळता चहा ओतू नका. दोन तास चांगला कढत राहिला. रंग मात्र स्टीलवर बसला, तो लिंबाच्या फोडी आणि मीठ लावून घासल्यावर निघाला.

अठरा-वीस लिटरचा घेऊ का, असं दोघा-तिघांनी विचारलं. पाण्याचंच वजन अठरा किलो, वर जगाचं. भरला की दोघांनी उचलायचा, आणि गाडीत एका माणसाची जागा खातो. अकरा माणसांना दहा लिटर पुरत नाही हे खरं, पण वाटेत साधं पाणी भरून घेता येतं, विट अर्धी शिल्लक असतेच. साडूला हे पटलेलं नाही, त्यानं परवा अठरा लिटरचा मागवलाय. उचलायला मला बोलावू नको, असं आधीच सांगून ठेवलंय.