मध्यम टाकीबरोबर मिळणारा ‘कम्युनिटी’ संच: सोळा मासे, सात जाती, गुण दीड

मध्यम आकाराची टाकी घेतली की तिच्यासोबत मासेही एकगठ्ठा देण्याची पद्धत आहे. संचाचं नाव काहीही असो, आतली यादी साधारण ठरलेली असते: दोन एंजल, चार निऑन टेट्रा, चार टायगर बार्ब, मोली आणि गप्पीची एकेक जोडी, एक ‘शार्क’, आणि काच साफ करायला म्हणून एक सकर. पिशवीत सगळे तीन-चार सेंटिमीटरचे, रंगीत आणि गुण्यागोविंदाने पोहणारे. ८० × ३५ × ४० सेंटिमीटरची टाकी आणि हा संच, असं धरून हे परीक्षण केलं आहे. टाकीबद्दल तक्रार नाही, घरात ठेवायला हे माप उत्तम. संचाला मात्र पाचपैकी दीड गुण, तेही त्यातला एकेक मासा स्वतंत्रपणे पाहिला तर पाळण्याजोगा आहे म्हणून.

आधी पाणी मोजू. या मापाची टाकी ११२ लिटरची म्हणून विकली जाते. तळाला पाच सेंटिमीटर वाळू आणि वर तीन सेंटिमीटर मोकळी जागा सोडली की पाण्याची खोली उरते ३२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम ९० लिटर. दगड आणि लाकूड ठेवलं की आणखी कमी. मासे मोजायचे ते या ९० लिटरवर, आणि तेही पूर्ण वाढीच्या मापाने. ‘चार लिटरला एक इंच मासा’ हा नियम अजून सांगितला जातो. एका मापाच्या छोट्या माशांपुरता तो चालतो, मोठ्यांना लावला की फसतो. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन जवळपास आठपट होतं, आणि घाण वजनाच्या मागे वाढते. म्हणून दहा सेंटिमीटरचा एक मासा म्हणजे पाच सेंटिमीटरचे दोन मासे, असं गणित मांडता येत नाही.

आता संचातली सर्वात देखणी आणि सर्वात चुकीची जोडी: एंजल आणि निऑन. दोघेही दक्षिण अमेरिकेतल्या मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्याचे, त्यामुळे कागदावर जमतात. पण एंजलचं शरीर १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि वरखालचे पर धरून उंची २० सेंटिमीटरच्या पुढे जाते. ३२ सेंटिमीटर खोलीत तो वळतो, पोहतो, पण सतत वाळू आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये अडकल्यासारखा. एंजलसाठी टाकीची उंची निदान ४५ सेंटिमीटर हवी, ५० असेल तर बरं. निऑन पूर्ण वाढला तरी साडेतीन सेंटिमीटरचा आणि काडीसारखा बारीक, म्हणजे मोठ्या एंजलच्या तोंडात मावणारा. पहिले काही महिने काहीच होत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. मग रोज सकाळी एखादा निऑन कमी दिसू लागतो आणि दोष फिल्टरला किंवा रोगाला दिला जातो. एंजल उपाशी आहे म्हणून खातो असंही नाही, समोरून तोंडाएवढं काही गेलं की तो ते टिपतोच.

तापमानाचंही जुळत नाही. निऑनला २१ ते २५ अंश मानवतं, एंजल २५ ते २८ मध्ये खुलतो. एंजल ठेवायचाच असेल तर निऑनच्या जागी कार्डिनल टेट्रा घ्यावा. त्याला उबदार पाणी चालतं आणि तो थोडा मोठाही होतो. फरक ओळखायला सोपा आहे: निऑनचा लाल पट्टा अर्ध्या अंगावर असतो, कार्डिनलचा गालापासून शेपटीपर्यंत. एंजल लहान असतानाच कार्डिनल पूर्ण वाढीचे घेतले तर बहुतेक वेळा निभतं. खात्री मात्र कोणी देऊ नये.

आणि ‘दोन एंजल’ हा आकडा कुठून आला? पिल्लू असताना नर-मादी ओळखता येत नाही. दोन नर निघाले की मारामारी. जोडी निघाली तर ती फिल्टरच्या नळीवर किंवा रुंद पानावर अंडी घालते आणि बाकी सगळ्यांना एका कोपऱ्यात कोंबते. ९० लिटरमध्ये पळायला दुसरा कोपराच नसतो.

टायगर बार्ब वाईट मासा नाही, त्याचा आकडा वाईट आहे. हा घोळक्यात राहतो आणि घोळक्यात कोण वरचढ याची चढाओढ सतत चालू असते. आठ-दहा असले की ती आपापसात जिरते. चारच असले की शेजाऱ्यांकडे वळते, आणि एंजलचे लोंबते पर किंवा गप्पीची शेपटी यांच्याइतकं आयतं लक्ष्य दुसरं नाही. कुरतडलेल्या पराला पुढे बुरशी किंवा पर सडण्याचा रोग लागतो, औषध टाकलं जातं, मासा बरा होतो आणि पुन्हा कुरतडला जातो. सर्पे टेट्रा आणि ब्लॅक विडो टेट्राचीही हीच खोड. विडो भडक गुलाबी, निळ्या रंगात दिसला तर विचारून घ्या. काहींचा रंग जनुकीय बदलामुळे जन्मजात असतो, पण काहींना रंगवलेलं असतं. रंगवलेले मासे दुर्बळ निघतात आणि रंगही उतरतो.

मोली-गप्पी आणि निऑन यांचं भांडण होत नाही, त्यांचं पाणीच वेगळं आहे. पिल्लं देणाऱ्या माशांना, म्हणजे गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना, जड पाणी लागतं. पीएच साडेसात ते आठच्या आसपास आणि एकूण कठिणपणा (विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) १५ अंशांपर्यंत असला तरी ते मजेत. मोली मऊ पाण्यात जागच्या जागी थरथरत डुलू लागते. अनेकांना तो सर्दीचा प्रकार वाटतो, पण बहुधा क्षारांची कमतरता असते. निऑनला साधारण सहा ते सात पीएच आणि दहा अंशांच्या आतला कठिणपणा हवा. मधलं पाणी केलं तर दोघंही जगतात, रंग मात्र कोणाचाच धड दिसत नाही.

इथे बाटलीतलं ‘पीएच डाऊन’ कोणी सुचवलं तर नको म्हणा. पाण्यात कार्बोनेटचा कठिणपणा असेल तर पीएच दोन दिवसांत पुन्हा वर येतो, आणि हा वर-खाली झोका माशाला स्थिर आठ पीएचपेक्षा जास्त बाधतो. टीडीएस मीटरवरही विसंबू नका. तो विरघळलेले सगळे क्षार मोजतो, कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळे दाखवत नाही. सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्यात कठिणपणा जवळपास शून्य असतो, तरी टीडीएस फारसा उतरलेला नसतो. थेंब टाकून रंग पाहण्याचा कठिणपणाचा किट घ्या. कठिणपणाचा एक अंश म्हणजे साधारण १८ पीपीएम (दशलक्षात १८ भाग). नळाला जे पाणी येतं त्यावर मासे ठरवावेत, माशांसाठी पाणी बदलत बसू नये.

गप्पीची ‘एक जोडी’ हाही फसवा प्रकार. एक नर एकाच मादीच्या मागे दिवसभर लागतो आणि तिला जेरीस आणतो. एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात. मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं टाकते, आणि नर काढून टाकला तरी साठवलेल्या वीर्यावर पुढचे काही महिने टाकत राहते. पिल्लं नको असतील तर सगळे नर ठेवा. रंगही त्यांचेच.

सकरबद्दल थोडक्यात. पिशवीतला तीन-चार सेंटिमीटरचा सकर ३५ ते ४५ सेंटिमीटरचा होतो. टाकीची रुंदी ३५ सेंटिमीटर आहे, पुढचं सांगायला नको. मोठा झाला की शेवाळ खाण्यातला त्याचा रस कमी होतो, विष्ठा मात्र प्रचंड. रात्री चपट्या अंगाच्या माशांना चिकटून तो त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो, अशा तक्रारीही नेहमीच्या. त्याच्याऐवजी ब्रिसलनोज घ्या. तो १२-१३ सेंटिमीटरवर थांबतो, एकच पुरतो, आणि चघळायला त्याला लाकडाचा ओंडका व आठवड्यातून दोनदा काकडीचा तुकडा द्यावा लागतो. वाढलेला सकर नदी-तळ्यात सोडणं हा मार्ग नाही. जगात अनेक ठिकाणी हे मासे काठ पोखरत आणि स्थानिक माशांना हुसकावत पसरले आहेत.

‘शार्क’ या नावाखाली दोन अगदी वेगळे मासे विकले जातात. लाल शेपटीचा काळा शार्क १२ ते १५ सेंटिमीटरचा होतो, तळाचा मोठा भाग स्वतःचा मानतो आणि तिथे आलेल्या प्रत्येकाला हाकलतो. त्याच्या टाकीत तळाला दुसरा मासा ठेवायचा नाही. दुसरा करडा-चंदेरी, ज्याला टायगर शार्कही म्हणतात, तो खरं तर पंगेशियस आहे: खाण्यासाठी तळ्यात वाढवतात तोच, मीटरभर लांब होणारा. तो दचकून काचेवर नाक आपटतो, नाक सोलवटतं. कोणत्याही घरगुती टाकीचा तो मासा नव्हे.

गोल्डफिश या संचात नाही, हे त्याच्या बाजूने. काही संचांत असतो. थंड पाणी, २० सेंटिमीटरची वाढ, मोठी घाण: उष्ण पाण्याच्या टाकीत त्याला जागा नाही. फायटरचा नर लांब पराच्या किंवा भडक रंगाच्या शेजाऱ्यांबरोबर नको. मिस केरळ कितीही मोहात पाडो (हा मासा पश्चिम घाटातला), तो घोळक्याने वेगात पोहणारा, १२ सेंटिमीटरच्या आसपास वाढणारा मासा आहे. त्याला याच्या दुप्पट तरी टाकी लागते.

मग ९० लिटरमध्ये काय ठेवावं? आमचं मत: जाती तीन, फार तर चार, आणि प्रत्येकीचे मासे भरपूर. घोळक्यातल्या माशांचा आकडा वाढला की ते धीट होतात, दडून बसत नाहीत, रंग गडद होतात. सात जातींचे दोन-दोन मासे ठेवले तर सगळेच बिचकून राहतात.

मऊ ते मध्यम पाणी असेल तर दहा हार्लेक्विन रसबोरा, सहा ब्राँझ कोरीडोरास आणि एक नर-दोन माद्या हनी गुरामी. तापमान २५. रसबोरा मधल्या थरात, कोरी तळाला, गुरामी वरच्या पाण्यात. हनी गुरामी पाच सेंटिमीटरचा, स्वभावाने मवाळ. त्याच्याऐवजी ड्वार्फ गुरामी सहज मिळतो, पण त्या जातीत एक विषाणूजन्य रोग मोठ्या प्रमाणात आढळतो, ज्यावर औषध नाही. नरही एकमेकांवर तुटून पडतात. रसबोरा नको तर चेरी बार्ब घ्या. बार्ब असून तो शेजाऱ्यांच्या नादी लागत नाही. कोरीसाठी तळाला गुळगुळीत बारीक वाळू हवी. धारदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात आणि सडतात. ते मधूनच वर झेपावून हवेचा घोट घेतात, ते स्वाभाविक आहे. सगळे सतत तसं करू लागले तर मात्र पाण्यात प्राणवायू कमी आहे. पकडताना जाळीऐवजी भांडं वापरा, त्यांच्या परांचे काटे जाळीत अडकतात.

पाणी जड असेल तर दोन नर आणि चार माद्या प्लॅटी, किंवा आठ-दहा गप्पी नर, आणि एक ब्रिसलनोज. एवढंच. प्लॅटी ठेवल्या तर पिल्लांचं काय करायचं ते आधी ठरवा. या टाकीत माशांच्या घाणीतून सुटणाऱ्या अमोनियाकडे जास्त डोळा ठेवावा लागतो: २५ अंशांना, एकूण अमोनिया तितकाच असताना, पीएच ७ पेक्षा ८ ला त्यातला विषारी भाग नऊ-दहापट असतो. आणि टायगर बार्बच आवडत असतील तर दहा बार्ब, एक ब्रिसलनोज, भरपूर झाडं, आणि लांब पराचा एकही मासा नाही. तिन्हींत हा पर्याय सर्वात चपळ दिसतो.

कोणताही पर्याय घेतला तरी मासे एकदम सोडू नका. मासे आणण्याआधी चार ते सहा आठवडे अमोनिया घालून फिल्टरमधले, तो अमोनिया पचवणारे जीवाणू वाढवा. अमोनिया आणि त्यापासून बनणारा, तितकाच घातक नायट्राइट चोवीस तासांत शून्यावर यायला लागले की टाकी तयार. आधी घोळक्याचे मासे, दोन आठवड्यांनी तळाचे, आणि हद्द राखणारे सर्वात शेवटी. गुरामी आधी सोडला तर पूर्ण टाकी त्याची होते. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला आणि शेवटी साठणारं नायट्रेट ४० पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका. ते सतत जात असेल तर मासे जास्त आहेत किंवा खाणं जास्त आहे.

दुकानात मासा निवडताना पूर्ण टाकी पाहा, एकटा मासा नाही. एका टाकीत दोन मेलेले दिसले तर तिथला तिसरा घेऊ नका. मिटलेले पर, आत गेलेलं पोट, खडीवर अंग घासणं, मिठासारखे पांढरे ठिपके ही नकाराची कारणं. निऑनच्या निळ्या पट्ट्यात फिकट डाग असेल तर तो निऑन रोग असू शकतो, आणि त्यावर इलाज नाही. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. जो खात नाही तो घरी आल्यावरही खाईल याचा भरवसा नसतो. घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या, ३०-४० लिटरच्या टबात स्पंज फिल्टर लावून ठेवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

खाणं थरांनुसार द्यावं. पृष्ठभागावर तरंगणारे फ्लेक्स रसबोरा आणि गुरामी संपवतात, कोरीपर्यंत काहीच पोहोचत नाही. ‘तळाचे मासे उष्टं खातात’ या समजुतीवर ते उपाशी राहतात. टाकीचे दिवे मालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका, सहा कोरींना दोन-तीन छोट्या पुरतात, आणि सकाळी उरलेली गोळी दिसली तर दुसऱ्या दिवशी एक कमी करा.