दहाव्याच्या पत्रिका छापून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

आतोबा गेले त्या रात्री स्मशानभूमीच्या फाटकापाशीच एक जण आतेभावाला भेटला. गळ्यात ओळखपत्र, हातात नमुन्यांचा अल्बम. "दादा, तुम्ही फक्त विधीचं बघा. पत्रिका, फ्लेक्स, पेपरातली जाहिरात, सगळं माझ्यावर सोडा." घरात प्रेत पडलेलं असतं तेव्हा असं कुणी हवंच असतं. ही माणसं नेमकी तीच वेळ गाठतात, याचीच जास्त चीड येते.

साडेअकरा हजार ठरले आणि त्याने सगळे आगाऊ घेतले. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ आलं तेही बिनचूक. वर ॥ राम कृष्ण हरि ॥, मग आतोबांचा फोटो, आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर दशक्रिया विधी, प्रवचनाची वेळ, खाली शोकाकुल परिवार. पाठोपाठ छापून आलेल्या जाहिरातीचा फोटोही पाठवला.

पत्रिकांचे गठ्ठे एका रिक्षावाल्याबरोबर आले. सुतळी सोडली तर वरच्या आणि तळाच्या पाच-दहा पत्रिका आमच्या. मधल्या सगळ्या दुसऱ्याच कुणा आजींच्या, तारीख उलटून गेलेल्या. आत्याने एक हातात घेतली आणि ती नुसती बघत राहिली. फ्लेक्स आलाच नाही. त्या दिवसाचा ई-पेपर उघडला तर जाहिरातीचा पत्ता नाही. पाठवलेला फोटो जोडकाम करून बनवलेला होता. साताऱ्याकडच्या भावकीतले कितीतरी जण, "आम्हाला कळलंच नाही," म्हणत नंतर भेटायला आले. पैशांपेक्षा हे जिव्हारी लागलं.

त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. पावतीवर जीएसटी क्रमांक होता, पण सुरुवात २४ ने. तो गुजरातचा कोड, महाराष्ट्राचा २७. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला तर असा क्रमांकच नाही. हे कुणालाही लॉगिन न करता मिनिटभरात तपासता येतं. पैसे यूपीआयने गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागणं कठीण. आम्ही तक्रार केली आहे, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला आहे.

हा व्यवहार सुतकातल्या माणसावर टाकूच नका. जावई, शेजारी, मुलाचा मित्र, कुणीही चालेल, पण डोकं शांत असलेला हवा. जाहिरात पेपरच्या कार्यालयात जाऊन द्या आणि त्यांचीच पावती घ्या. पत्रिका ओळखीच्या प्रेसमध्ये टाका, निम्मेच पैसे आगाऊ द्या. गठ्ठा आला की आणणाऱ्यासमोरच सुतळी सोडा, मधल्या पत्रिका काढून बघा, मगच उरलेले द्या.