दसरा ते पोळा: टर्बो पेट्रोल गाडीसोबत १८,००० किलोमीटर

२०२४ च्या दसऱ्याला गाडी घरी आली. परवा पोळ्याला बैलांची पूजा आटोपल्यावर सहज आकडा पाहिला, तर १८,२४० किलोमीटर. आमचं गाव घाटंजी तालुक्यात, माझी शाळा गावापासून २२ किलोमीटर, आठवड्यातून एकदा यवतमाळ, महिन्यातून एक-दोन वेळा नागपूर. वावरात जायचा पांदण रस्ता काळ्या मातीचा, उन्हाळ्यात धूळ आणि पावसात चिखल. घ्यायच्या आधी मी पुष्कळ वाचलं, पण लिहिणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत हे इंजिन कसं टिकतं, हे कुणी सांगेना. म्हणून सविस्तर लिहितो.

आधीची गाडी १.३ लिटर डिझेल होती, अकरा वर्षं चालवली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल बंदच केलं, आणि छोट्या डिझेल गाड्यांचे पर्याय फार थोडे उरले. साधं १.२ लिटर पेट्रोल चालवून पाहिलं, पण घरची पाच माणसं आणि डिक्कीत तुरीचं पोतं घेऊन चढावर ते दमायचं. मग टर्बो, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबून छोट्या इंजिनाचा जोर वाढवणारा पंखा.

आकडे आधी सांगतो, कारण यातूनच पुढचं कळतं. मारुतीचं ९९८ सीसीचं बूस्टरजेट १०० पीएस ताकद आणि १४७.६ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, देतं. ह्युंदाईचं ९९८ सीसीचं १२० पीएस आणि १७२, फोक्सवॅगन-स्कोडाचं ९९९ सीसीचं ११५ पीएस आणि १७८, टाटाचं ११९९ सीसीचं १२० पीएस आणि १७०, महिंद्राचं ११९७ सीसीचं ११० पीएस आणि २००. पाचही तीन सिलिंडरची. मारुतीचंच साधं चार सिलिंडरचं १.२ लिटर इंजिन ९० पीएसचं होतं, पण त्याचा टॉर्क ११३ न्यूटन-मीटर आणि तोही ४,४०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना. टर्बोवाल्यांचा पूर्ण टॉर्क दीड ते दोन हजारांच्या दरम्यान येतो आणि बराच वर टिकतो. बंडीच्या मागून निघताना किंवा पांदणीतून डांबरीवर चढताना कामी पडतो तो हा टॉर्क. पीएसचा आकडा शोरूममध्येच मोठा वाटतो. माझी गाडी कोणत्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही. पुढे सांगितलेले त्रास कोणत्याही टर्बो पेट्रोलला होऊ शकतात.

पहिले दोन महिने मी ही गाडी डिझेलसारखीच चालवली, आणि हीच माझी सगळ्यात मोठी चूक. डिझेलची सवय अशी की चौथ्या गियरमध्ये गाव ओलांडायचं, गतिरोधकावर वेग पडला तरी गियर तसाच ठेवून पाय दाबायचा. टर्बो पेट्रोलमध्ये तसं केलं की आधी काहीच होत नाही. धुराच्या जोरावर टर्बोचं चाक फिरतं, आणि इंजिनाचे फेरे कमी असले की धूरच पुरेसा नसतो. मग एकदम जोर येतो. एकदा कापसाचा ट्रॅक्टर ओलांडताना या एका-दीड सेकंदाने माझा जीव टांगणीला लावला होता, समोरून एसटी येत होती. आता ओलांडायच्या आधीच गियर पाडतो, फेरे दोन हजारांच्या वर आणतो आणि मगच बाहेर काढतो.

पण उशिरा येणाऱ्या जोरापेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. डिसेंबरात पाच जण बसलेले, चौथा गियर, फेरे १,३०० आणि चढ. पाय दाबला तर बॉनेटखालून डब्यात गोटे हलवल्यासारखा आवाज. घाटंजीतल्या ज्या मेकॅनिकने माझी डिझेल गाडी अकरा वर्षं सांभाळली, त्याला बाजूला बसवून तोच चढ दाखवला. तो म्हणाला, "सर, हे डिझेल नाही. डिझेल दीड हजारावर बी ओढते. याले असं रेटू नका, गेर पाडा."

त्याने दोन वाक्यांत सांगितलं त्यामागचं कारण मी नंतर समजून घेतलं. फेरे कमी आणि भार जास्त असला की टर्बो कोंबलेली दाट हवा सिलिंडरमध्ये असते, पिस्टन हळू चालत असतो. ऑइल-पेट्रोलचा एखादा तापलेला थेंब किंवा कार्बनचा कण अशा वेळी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकतो. मिश्रण सिलिंडरमध्ये आपोआप पेटून बसणाऱ्या साध्या ठोक्यापेक्षा हा दणका कितीतरी मोठा असतो आणि त्याने पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटल्याची उदाहरणं जगभर आहेत. म्हणून ऑइलचे दर्जेही बदलले. २०१८ मध्ये एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी हा दर्जा आला, त्यात या अवेळी पेटण्याची वेगळी चाचणी असते. कॅल्शियमची द्रव्यं या प्रकाराला खतपाणी घालतात, म्हणून अशा ऑइलमध्ये ती कमी करून मॅग्नेशियमची वाढवली जातात. डब्यावर एसपी लिहिलेलं नसेल तर मी ते ऑइल घालू देत नाही, मग ते कितीही नावाजलेलं असो.

ऑइलबद्दल थोडं जास्त लिहितो. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत राहतो. त्याच्या एका टोकाला पेट्रोलचा धूर असतो, जो ९०० अंशांच्या वर जाऊ शकतो. डिझेलचा धूर याहून बराच कमी तापतो, त्यामुळे जुन्या गाडीला जे खपून गेलं ते इथे खपत नाही. ऑइल जुनं झालं, घट्ट झालं, की बारीक वाटांमध्ये जळून कोळसा धरतं, दांड्याला ऑइल कमी पडतं आणि टर्बो जातो. माझ्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलं आहे. पण त्याच पुस्तिकेत मागे बारीक अक्षरांत धूळ, उष्णता आणि छोट्या फेऱ्या असतील तर याच्या आत बदला असंही लिहिलं आहे, आणि आपल्याकडे तिन्ही आहेत. मी ६,००० ला बदलतो. एका वेळचा खर्च साडेतीन हजारांच्या आसपास येतो. टर्बो बदलण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही. सर्व्हिसला गेलो की डबा माझ्यासमोर फोडायला लावतो. पहिल्या वेळी ड्रममधून ओततो म्हणाले, ग्रेड कोणता ते सांगता येईना, तेव्हा मी गाडी तशीच परत आणली.

गाडी थांबवल्यावर लगेच चावी काढू नका असं जुने लोक सांगतात. साध्या गावातल्या चालण्यात त्याची गरज नाही, बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही छोटा विजेचा पंप टर्बोभोवती पाणी फिरवत राहतो. घर आल्यावर पंखा घोंघावत राहतो तोही बिघाड नाही. पण परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढलो, तेव्हा शेवटचा एक किलोमीटर हळू घेतला आणि वर पोचल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवलं. चिखलदरा १,११८ मीटर उंचावर आहे, इतक्या चढाईनंतर टर्बोला तेवढी उसंत द्यायलाच हवी.

आता जानेवारीतला प्रसंग. नागपूरहून येताना हिंगणघाट सोडलं आणि वडनेरच्या अलीकडे एक ट्रक ओलांडताना फुस्स आवाज झाला. ओढ गेली, इंजिनाचा पिवळा दिवा लागला. साठच्या वेगाने घर गाठलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी संगणक लावला, पेट्रोल खराब आहे म्हणाले, इंजेक्टर साफ केले, ४,८०० रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी दिवा परत लागला. मनस्ताप फार झाला, कारण मी आवाजाचं सांगत होतो आणि कुणी ऐकून घेत नव्हतं.

शेवटी घाटंजीतच बॉनेट उघडलं. टर्बोकडून इंटरकूलरकडे, म्हणजे तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या रबरी नळीच्या जोडावर तेलकट काळी धूळ चिकटलेली होती. या नळ्यांमधून ऑइलची थोडी वाफ जातच असते. जोड सैल झाला की दाबाने हवा बाहेर पडते, तिच्याबरोबर ऑइलही, आणि त्यावर धूळ बसते. क्लॅम्प ढिला होता. १८० रुपयांचा नवा क्लॅम्प टाकला, दिवा बंद केला, तेव्हापासून तक्रार नाही. तुमच्या गाडीचीही ओढ एकदम गेली आणि सोबत हवा सुटल्याचा आवाज असेल, तर इंजेक्टर आणि पेट्रोल सोडून आधी नळ्या पाहायला सांगा. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर मात्र तो ऑइल जळण्याचा आहे, तिथे चालढकल नको.

उंदरांचंही सांगायला हवं. सोयाबीन निघालं की पोती पडवीत, गाडी शेजारी. नोव्हेंबरात एका सेन्सरची वायर कुरतडली आणि गाडी सुरू होईना. टर्बो गाड्यांत बॉनेटखाली सेन्सर जास्त, म्हणून वायरही जास्त. तेव्हापासून गाडी धान्यापासून लांब, उघड्यावर उभी करतो आणि रात्री बॉनेट उघडं ठेवतो. अंधार आणि ऊब नसली की उंदीर तिथे बसत नाही.

मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंश झालं. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या वर गेला नाही, एसीही चांगला चालला, पण दुपारची गाडी आणि पहाटेची गाडी यात फरक कळतो. तापलेली हवा विरळ असते, ठोका टाळायला संगणक ठिणगी उशिरा देतो, जोर कमी होतो. त्यात इंटरकूलरच्या जाळीत कापसाचे पुंजके, गवताचं कुसळ आणि किडे अडकले होते. हलक्या पाण्याने धुतल्यावर फरक पडला. प्रेशरचं पाणी मारू नका, पत्र्याची पातळ पानं वाकतात. हवेचा फिल्टर दर ५,००० ला उघडून पाहतो, पुस्तिकेतली मुदत पांदणीच्या धुळीला लागू नाही.

मायलेज. गाव-शाळा १३ ते १४. हायवेला ८०-९० ने १७.५. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, तिथे ११५ धरून गेलो तर १४. चिखलदऱ्याला एसी लावून साडेदहा. डिझेल गाडी मला सगळीकडे १९ द्यायची, ते विसरावं लागतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे, आणि एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. थोडी घट त्याचीही. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटण्याचा गुण, जास्त असतो, ही ठोक्याच्या दृष्टीने चांगली गोष्ट.

मागच्या महिन्यात शाळेतले एक सहकारी अशीच जुनी गाडी घ्यायची म्हणून मला आर्णीला घेऊन गेले. ६१,००० किलोमीटर चाललेली, वरून लखलखीत. मालकाने आम्ही पोचायच्या आधीच इंजिन सुरू करून ठेवलं होतं. मी म्हटलं, बंद करा, आम्ही चहा पिऊन येतो. दोन तासांनी थंड इंजिन स्वतः सुरू केलं, तर मागून निळसर धूर. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली, ऑइल काळं आणि पातळी खालच्या खुणेच्याही खाली. इंटरकूलरची नळी काढून बोट फिरवलं तर आत ऑइल साचलेलं. सर्व्हिसचं पुस्तक मागितलं, शेवटची नोंद ३४,००० ची. सहकाऱ्यांना रंग फार आवडला होता, त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी डिपस्टिक त्यांच्या हातात दिली. "जाऊ द्या सर," ते म्हणाले, आणि आम्ही परत निघालो.