नॅशव्हिलच्या वाचनालयातली ‘सिव्हिल राइट्स रूम’: नागपूरकरांनी तर जायलाच हवं

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला येणारे आपले लोक इथल्या ब्रॉडवे रस्त्यावरची गाणीबजावणी बघतात, पार्थेनॉनच्या प्रतिकृतीसमोर फोटो काढतात आणि परत जातात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, चर्च स्ट्रीटवरच्या मुख्य सार्वजनिक वाचनालयात दुसऱ्या मजल्यावर जा. काळ्या लोकांच्या समान हक्कांच्या चळवळीची आठवण जपणारी तिथली ‘सिव्हिल राइट्स रूम’ बघायला तिकीट लागत नाही.

खोली एकच. भिंतींवर मोठाले कृष्णधवल फोटो आणि मधोमध दुकानांतल्या लंच काउंटरची (बसून खायच्या जागेची) आठवण म्हणून केलेला गोल काउंटर, भोवती स्टुलं. १९६० साली या शहरातल्या वूलवर्थ, क्रेस, मॅक्लेलन या दुकानांत काळ्या गिऱ्हाइकाने सामान घेतलेलं चालायचं, त्याचे पैसेही चालायचे. पण त्याच दुकानातल्या काउंटरवर बसून खायला मागितलं की मिळायचं नाही. याचा निषेध म्हणून १३ फेब्रुवारीला १२४ विद्यार्थी या तिन्ही दुकानांतल्या काउंटरवर जाऊन शांतपणे बसले. २७ तारखेला गोऱ्या पोरांच्या टोळक्यांनी त्यांना स्टुलांवरून ओढून मारलं आणि पोलिसांनी धरून नेलं ते मार खाणाऱ्यांनाच, ८१ जणांना. कोर्टाने ५० डॉलर दंड केला, तर बऱ्याच जणांनी तो न भरता तुरुंग पत्करला.

काउंटरवर या मुलांचे दहा नियम लिहिले आहेत. ते उभ्याउभ्या वाचू नका, स्टुलावर बसून वाचा. मारलं, शिव्या दिल्या तरी उलट हात उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही. मोठ्याने हसायचं नाही. दुकानाची दारं, आतली वाट अडवायची नाही. ताठ बसायचं आणि तोंड कायम काउंटरकडे ठेवायचं. या शेवटच्या नियमापाशी मी बराच वेळ अडले. तोंड काउंटरकडे म्हणजे दार पाठीशी. कोण आत आलं, त्याच्या हातात काय आहे, काहीच दिसणार नाही आणि मागे वळून बघायचीही मुभा नाही. हे नियम जॉन लुइस आणि बर्नार्ड लाफायेट या दोन विद्यार्थ्यांनी लिहिले.

नुसत्या चांगुलपणावर हे जमत नाही, त्याची तालीम लागते. ती अहिंसक लढ्याचे शिक्षक जेम्स लॉसन यांनी क्लार्क मेमोरियल चर्चमध्ये करून घेतली. अर्ध्या मुलांनी गुंड व्हायचं, शिव्या द्यायच्या, ढकलायचं, तोंडावर धूर सोडायचा आणि बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. हे लॉसन आधी तीन वर्षं आपल्या नागपुरात, हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींचा मार्ग त्यांनी तिथे राहून अभ्यासला. माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसमधल्या भेदभावाविरुद्ध टाकलेल्या बहिष्काराची बातमीही त्यांनी ‘नागपूर टाइम्स’मध्येच वाचली. मी हिस्लॉपची विद्यार्थिनी. टेम्पल रोडवरच्या आमच्या कॉलेजातून निघालेला माणूस इथल्या पोरांना मार सोसायला शिकवतो, या विचाराने त्या खोलीत माझा ऊर भरून आला. या कामापायी मार्च १९६० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तिथे शिकणाऱ्या लॉसन यांना काढून टाकलं होतं.

१९ एप्रिलचा भाग मुलांना नक्की सांगा. त्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो माणसं मूकपणे कोर्टहाउसवर चालत गेली. तिथे २१ वर्षांच्या डायेन नॅशने महापौर बेन वेस्ट यांना सगळ्यांसमोर विचारलं की केवळ वंशावरून माणसात भेद करणं चूक आहे की नाही. वेस्ट यांना ‘चूक आहे’ असं म्हणावं लागलं. १० मेला सहा दुकानांचे काउंटर सगळ्यांना खुले झाले.

पूर्ण चळवळीचा इतिहास, मोठी दालनं हवी असतील तर मेम्फिसचं लॉरेन मोटेल गाठा (मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती जागा, आता तिथे या चळवळीचं संग्रहालय आहे), गाडीने तीनेक तास लागतात. इथे वस्तू कमी, वाचायचं जास्त. मजकूर इंग्रजीत आहे, त्यामुळे आईबाबा सोबत असतील तर शेजारी बसून सांगावं लागेल. फार लहान मुलं कंटाळतील. दहा-बारा वर्षांच्या पुढची मात्र प्रश्न विचारून भंडावून सोडतील, त्यासाठीच न्या.

वाचनालयाच्या वेळा आणि सुट्ट्या आधी बघून घ्या. खोली बघून झाली की चालतच जुन्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर जा. ही दुकानं तिथेच होती आणि त्या रस्त्याला आता जॉन लुइस यांचं नाव आहे. तिथून कोर्टहाउसही पायी जाण्याइतकंच लांब. त्याच्या शेजारी ‘विटनेस वॉल्स’ नावाच्या शिल्पभिंती उभारल्या आहेत, त्यावर याच आंदोलनाची दृश्यं आहेत.