घरगुती आठ मिमी स्कॅनर : चित्र बरं, चाल चुकीची

आमच्याकडे सदतीस रिळं होती, कुरडयांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. नाना, म्हणजे माझे थोरले काका, १९६०च्या दशकात पश्चिम जर्मनीत नोकरीला होते. सुट्टीला मिरजेला आले की गळ्यात किल्लीचा आठ मिमी कॅमेरा. शूट केलेली फिल्म परत तिकडे नेऊन धुऊन घ्यायची, त्यामुळे या मे महिन्यातले आपण पडद्यावर दिसायचो पुढच्या फेरीला. प्रोजेक्टरचा दिवा गेला तेव्हापासून डबा उघडलाच नव्हता.

गेल्या दिवाळीत भाच्याने अमेरिकेहून हा स्कॅनर आणला. तीसेक हजारांना पडला. डावीकडे रीळ लावायचं, फिल्म छोट्या दिव्यावरून ओढून उजवीकडच्या रिळाला गुंडाळायची आणि बटण दाबायचं. आतला कॅमेरा एकेका फ्रेमचा फोटो काढतो आणि कार्डावर सलग व्हिडिओ करून ठेवतो. वेग सेकंदाला दोन फ्रेम. रेग्युलर आठ या जुन्या प्रकारच्या फिल्मच्या फुटात ८० फ्रेम असतात, म्हणजे पन्नास फुटी रिळाचे चार हजार फोटो. तेहेतीस-चौतीस मिनिटं नुसतं टकटक, टकटक. तेवढ्यात माझा वरणभात होतो.

एक गोष्ट मात्र आधी बघून घ्या. १९३२ साली आलेली रेग्युलर आठ आणि १९६५ साली आलेली सुपर आठ या दोन्ही प्रकारच्या फिल्मची रुंदी एकच, पण सुपर आठची कडेची भोकं बारीक आणि फ्रेम मोठी. स्कॅनरवर तसा पर्याय निवडावा लागतो. मी पहिल्या दिवशी चुकीचा निवडला आणि अर्धा तास चित्र उड्या मारत राहिलं. दोष माझाच. दुसरं, रीळ आधी नाकाशी धरा. आमच्या दोन रिळांना व्हिनेगरचा वास आला. फिल्मचा पाया कुजायला लागला की तो वास येतो, फिल्म आक्रसते आणि वाकडी होते. ती यंत्रात घातली नाहीत. बाकीच्यांपासून वेगळी ठेवली आहेत.

चित्राबद्दल सांगायचं तर कोडाक्रोमची, म्हणजे कोडॅकच्या रंगीत फिल्मची, रिळं बघून मी खुर्चीतून उठलोच. सत्तावन्न वर्षांपूर्वीचं आजीचं डाळिंबी नऊवारी अजून डाळिंबीच आहे. दुसऱ्या कंपनीच्या फिल्मवर आख्खी मिरज गुलाबी झाली आहे, पण तो काही स्कॅनरचा गुन्हा नाही. त्याचा गुन्हा असा, की प्रकाश बदलला की तो गोंधळतो. रेग्युलर आठची फिल्म मुळात सोळा मिमी रुंद. पंचवीस फूट एका बाजूने शूट करायची, मग रीळ उलटं घालून दुसऱ्या बाजूने, आणि धुतल्यावर मधोमध चिरून जोडायची. नाना गोधडीत हात घालून रीळ उलटायचे, तरी उजेड शिरायचाच. जोडाच्या जागी केशरी झोत येतो आणि त्यानंतरचे दोन-तीन सेकंद यंत्र सगळं काळंकुट्ट करून टाकतं. सावल्यांत चौकोनी ठिपकेही दिसतात. (एका रिळाची आधीचीच बाजू नानांनी पुन्हा चालवली होती. पन्हाळा आणि माझं बारसं एकावर एक आहे, तटबंदीवर पाळणा हलतो. ते रीळ घरात सगळ्यांचं लाडकं.)

खरी तक्रार आईने काढली. तिला टीव्हीवर १९६८चं रीळ दाखवलं. गच्चीवर कुरडयांचं वाळवण, आणि मागून आबा काठी टेकत येतात. आई शहाऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, नजर शाबूत. म्हणाली, "मामंजी असे कधी पळाले? पायाने अधू होते रे ते."

मी पुन्हा पाहिलं. आबा खरंच दुडदुडत होते. पत्रक उघडलं तेव्हा कळलं, हा स्कॅनर प्रत्येक व्हिडिओ सेकंदाला वीस फ्रेमने बनवतो. नानांचा कॅमेरा सोळाने चालायचा, सुपर आठ साधारण अठराने. म्हणजे आमचं आख्खं घराणं सव्वापट वेगाने जगत होतं, आणि चार मिनिटं दहा सेकंदांचं रीळ तीन मिनिटं वीस सेकंदांत उरकत होतं. हा वेग बदलायची सोय यंत्रात नाही. ज्या यंत्राचं कामच जुन्या फिल्मचं, त्यात ती नसावी याचा मला राग आहे. शेवटी संगणकावर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक फाइल ऐंशी टक्के वेगावर आणली. पुन्हा लावलं तर आबा काठी टेकतात, थांबतात, मग पाय उचलतात. आई काही बोलली नाही, पदर सारखा केला. सासऱ्यांसमोर करायची तसा.

पाचपैकी साडेतीन तारे. घ्यायचाच असेल तर तीन-चार घरांत मिळून घ्या, काम झालं की तो कपाटातच जाणार. आमचा सध्या सांगलीला मावसभावाकडे आहे.

आणि याला आवाज वाचता येत नाही. १९७३नंतर सुपर आठला कडेने आवाजाची चुंबकीय पट्टी आली. नानांची शेवटची दोन रिळं त्यातली. काकू ओट्यापाशी गातात, ओठ हलताना स्पष्ट दिसतात. साउंड हेड, म्हणजे ती पट्टी वाचणारा भाग, असलेला चालू प्रोजेक्टर कुणाकडे असेल तर कळवा, रिळं घेऊन मी येईन.